वेगळ्या बिऱ्हाडाचा घाटरस्ता

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा एकदा बायकोशी बोलावं, असं मी ठरवलं.

आमचं भांडण नव्हतं. भांडायलाही जागा लागते. परळला भोईवाड्यात आमच्या दोन खोल्या, आणि त्यांत आप्पा, आई, आप्पांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, मी, कुमुद आणि गावाहून आलेलं कोणी ना कोणी. (कोकणातून नोकरीसाठी मुंबईला उतरलेला माणूस आधी आमच्याकडे जेवायचा, मग नोकरीचं बघायचा.) रात्री कुमुद आत, आई आणि आत्याच्या मध्ये; मी बाहेर गॅलरीत, पाहुण्याच्या शेजारी. "आज आमटीत मीठ कमी आहे," यापलीकडे आम्हा नवराबायकोचा संवाद गेला नव्हता, आणि त्यालाही उत्तर आत्याच द्यायची, "कमी नाय, तुझी जीभ बिघडली."

बोलायचं होतं ते महत्त्वाचं होतं. दादरला कुमुदच्या मैत्रिणीच्या चाळीत एक खोली रिकामी होणार होती. महिनाअखेरीपर्यंत मालकाला हो किंवा नाही कळवायचं होतं. एवढं तिनं मला जिन्यात सांगितलं आणि तेवढ्यात वरून कोणीतरी बादली घेऊन उतरलं. पुढचा प्रश्न राहिलाच: आप्पांना सांगायचं कसं?

कारण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीत ज्याला जे जमेल ते तो करत होता. मला काहीच जमत नसल्यामुळे माझ्या वाट्याला ओरडणं आलं होतं. मोर्चात मी पुढून "संयुक्त महाराष्ट्र" म्हणायचं आणि मागून लोकांनी "झालाच पाहिजे" म्हणायचं. माझा आवाज नाक्यापर्यंत जातो म्हणून आप्पा नाक्यावर जाऊन तो ऐकून यायचे. राज्य एक झालं पाहिजे आणि घर एक राहिलं पाहिजे, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकाच खणात ठेवलेल्या होत्या. अशा माणसाच्या मुलानं वेगळं बिऱ्हाड मागायचं!

आम्ही प्रयत्न केले. झंपरचं कापड आणायला म्हणून हिंदमाताला निघालो, तर आत्या वहाणा घालून जिन्याखाली हजर. "कापडातलं तुका काय कळता?" वरळीला समुद्रावर गेलो, तर चाळीतले एक गृहस्थ आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत त्यांनी चळवळीचं पुढे काय होणार ते सांगितलं.

शेवटी एका मित्रानं उपाय सांगितला. इगतपुरीच्या पलीकडे, डोंगरात, त्याचे मामा रस्त्यांच्या कामावर मुकादम होते. "तिथे जुना घाटरस्ता आहे. नवा झाल्यापासून मोटार सोड, खटारासुद्धा फिरकत नाही. सायकल घेऊन जा. दिवसभरात एखादा गुराखी भेटला तर ती गर्दी समजायची."

कुमुद पुण्याची, सायकलवरच वाढलेली. ती म्हणाली, "जायचंच." म्हणजे तोंडानं नाही, पोळी वाढताना डोळ्यांनी म्हणाली.

घरी मी जाहीर केलं की डॉक्टरांनी मला सायकलिंग सांगितलंय आणि सोबतीला कुमुद येणार आहे. आप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कुठे?"

"डोंगरात. फार निर्जन आहे. तुम्हाला आवडणार नाही."

"निर्जन? मग तुम्ही दोघंच कसे जाल? मी येतो. तरुणपणी मी सायकलवर पनवेलला गेलो होतो."

"तुम्ही जाणार तर जेवणाचं काय?" आई म्हणाली.

"वयनी येकटी कशी जातली?" आत्या म्हणाली.

अशा रीतीनं, मुकादम मामांच्या गावी आमच्या एकांताची सहल निघाली ती अशी: भाड्याच्या दोन सायकली, आप्पांची पनवेल पाहिलेली सायकल, आणि मागे बैलगाडीत आई, आत्या, स्टोव्ह, उसळीचं पातेलं आणि बसायला सतरंजी.

"घाबरू नका," कुमुद स्टेशनबाहेर माझ्या कानात म्हणाली. "सायकलपुढे बैलगाडीचं काय चालतंय? पहिल्याच चढावर मागे टाकू."

पहिल्या चढावर बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं. म्हणजे कुमुदला नाही, मला. मी दात-ओठ खाऊन पायडल मारत होतो आणि बैल माझ्या शेजारून रवंथ करत चालले होते. आत्या गाडीतून वाकून माझ्याकडे बघत होती. "उतर मेल्या, सायकल गाडीत टाक आणि ये बस."

"नाही," मी म्हणालो. (खरं तर 'ना' एवढंच म्हणालो. 'ही'ला दम उरला नव्हता.)

पण मी हटलो नाही. निम्मा घाट सायकल चालवली, निम्मा ढकलली, आणि खिंडीत पोचलो. तिथे सतरंजी पसरली होती, स्टोव्ह पेटला होता आणि आप्पा पनवेलची हकीकत गाडीवानाला सांगत होते. पलीकडे उतार दिसला. कुमुदनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं.

"आम्ही जरा पुढे जाऊन येतो," मी म्हणालो, आणि चहाचं कोणी विचारायच्या आत आम्ही सुटलो.

काय तो रस्ता! एक वळण, दुसरं वळण, पुन्हा वळण. ना भोंगा, ना ट्राम, ना नळावरची भांडणं. बराच वेळ आम्ही नुसते घरंगळत होतो. अखेर एका कठड्यापाशी थांबलो. मुंबईत मैलभर गेलं की माणूस मैलभर लांब जातो. घाटातला रस्ता फिरून फिरून पुन्हा खिंडीच्याच खाली येतो आणि आपण बरोबर सतरंजीच्या बुडाशी उभे असतो, हे आम्हा शहाण्यांना कुठे ठाऊक!

"बोला," कुमुद म्हणाली.

"खोली घ्यायची," मी म्हणालो.

"ते ठरलंच. आप्पांना काय सांगणार?"

"सांगीन काहीतरी."

"काहीतरी नाही. सराव करा. समजा, मी आप्पा." तिनं पदर खोचला, कठड्यावर बसली आणि हुबेहूब आप्पांसारखी भुवई वर केली. मला घाम फुटला.

"आप्पा, ते दादरला, म्हणजे..."

"ऐकू येत नाही."

"आप्पा, आमचा विचार असा..."

"अहो, मोर्चात कसे ओरडता? तो माणूस कुठे गेला?"

हे मला लागलं. मी सायकल कठड्याला टेकवली, छातीत हवा भरली आणि ओरडलो, "आप्पा!"

"ओ!" वरून आवाज आला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुमुद म्हणाली, "प्रतिध्वनी असेल." (तिचं शास्त्र पक्कं होतं. पण 'आप्पा'चा प्रतिध्वनी 'ओ' कसा, हा विचार दोघांच्याही मनात आला नाही.) मी आता भरात आलो होतो. ज्या एका पद्धतीनं मला ठासून बोलता येत होतं, त्याच पद्धतीनं मी हात उंचावला.

"वेगळं बिऱ्हाड..."

"झालंच पाहिजे!" समोरच्या डोंगरावरून चारपाच गुराखी एका सुरात म्हणाले.

मग दरीत अशी शांतता पसरली की वरचा स्टोव्ह फुरफुरताना ऐकू आला. तो थेट आमच्या डोक्यावर होता. त्याच्या शेजारी, वरच्या कठड्यावरून, चार चेहरे खाली बघत होते. चौथा गाडीवानाचा होता.

"वसंता," आप्पा वरून म्हणाले, "आम्ही राज्य जोडायला निघालोय आणि तू घोषणा देऊन घर फोडतोस?"

"सराव करत होतो, आप्पा."

"कसला?"

"तुम्हाला सांगायचा."

"मग सांगितलंस की. अख्ख्या तालुक्याला सांगितलंस."

मी मान खाली घातली. सायकलवरून घरी पळून जायचा विचार केला, पण घरी जायचा रस्ता त्यांच्याजवळूनच जात होता. कुमुदनं माझा हात घट्ट धरला. वर्षभरात पहिल्यांदा, आणि तोही चार चेहऱ्यांदेखत.

"द्या की ओ आजोबा बिऱ्हाड!" समोरून एक गुराखी ओरडला.

"आजोबा कोणाला म्हणतोस रे?" आप्पा भडकले. वेगळ्या बिऱ्हाडापेक्षा त्यांना हेच जास्त लागलेलं दिसलं. मग जरा थांबून, आवाज शक्य तितका खाली आणून (तरी तो समोरच्या डोंगरावर गेलाच) ते म्हणाले, "अरे, मीच सांगणार होतो तुला. तुम्ही दोघं वेगळी खोली बघा म्हणून. म्हटलं, इथे निवांत आहे, इथे बोलावं. म्हणून तर आलो."

"म्हणजे तुमच्या मनात होतं?" आईनं तिथेच त्यांना धरलं. "मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार कुठे? घरात बोलायला जागा आहे का?"

"आणि माका कोण इचारता?" आत्या म्हणाली. पण तिचाही विरोध फार वेळ टिकला नाही. उसळ गार होत होती.

जेवताना आप्पांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, रविवारी जेवायला परळला यायचं. दुसरी, नवी खोली बघायला ते स्वतः येणार, कारण मालकाशी बोलायला माणूस जरा वजनदार लागतो.

महिनाअखेरीला आम्ही दादरला राहायला गेलो. आप्पांनी दाराला कडी लावून दाखवली, ती नीट लागते याची खात्री केली आणि आई-आत्याला घेऊन निघून गेले. संध्याकाळ झाली. मी कडी लावली. खोलीत फक्त आम्ही दोघं. मध्ये कोणी नाही, शेजारी पाहुणा नाही, आतून आवाज नाही. कुमुद समोर बसली.

"बोला," ती म्हणाली.

मी खूप आठवलं. मीठही बरोबर पडलं होतं.

"कुमुद," मी शेवटी म्हणालो, "आप्पांकडे जरा जाऊन यायचं का?"

ती चपला घालूनच बसली होती.