साकूचं तांब्या-भांडं

हुबळीच्या बाजारात बाळकृष्णअण्णांचं भांड्यांचं दुकान. भांडं कोणीही घेवो न घेवो, प्लास्टिकवरचं प्रवचन मात्र प्रत्येकाला फुकट मिळे. प्लास्टिकनं धंदा बुडवला, पाण्याची चव बुडवली, आता माणसंच बुडायची राहिली आहेत, असं त्यांचं मत. घरात तर प्लास्टिकला बंदीच.

आधीची मांजर आजारात वाळून गेली, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. पुन्हा मांजर नको. पुढं एकदा एक करडं पिल्लू दुकानात शिरलं आणि थेट तराजूच्या पारड्यात बसलं. हाकलायचा धीर झाला नाही, अन् शब्दही मोडायचा नव्हता. म्हणून अण्णांनी तिचं नावच साकू ठेवलं.

आता म्हातारपणी साकूही वाळू लागली. धारवाडचे डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं थकलीत. औषध देतो, पण पोटात पाणी गेलंच पाहिजे. दुधावर भागवू नका."

अण्णांना आधीची मांजर आठवली. ही पण जाणार की काय? पण भांडीवाल्याला पाणी पाजायला कोण शिकवणार? घरी येताच त्यांनी पाहुण्याला देतात तसं चकचकीत तांब्या-भांडं तिच्यापुढं ठेवलं. साकूनं वास घेतला आणि पाठ फिरवली. मग पितळेचा गडू आला, स्टीलचा पेला आला. अर्धं दुकान घरी आलं, मांजर कोरडीच.

"मिशा काठाला घासतात तिच्या," शांताक्का नवऱ्याला म्हणाल्या. "पसरट काहीतरी द्या की."

"आमच्यात पाण्याला तांब्याच असतो."

"आमच्यात म्हणजे? मांजरांत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात लपलप ऐकू आली. शांताक्कांनी इतके दिवस लपवून ठेवलेल्या आइस्क्रीमच्या पसरट प्लास्टिकच्या डब्यातून साकू पाणी पीत होती. अण्णांनी डबा ओळखला, बायकोचा गुन्हाही ओळखला. पण त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे भांडण राहूनच गेलं.

आता तो डबा दुकानात गल्ल्याशेजारी असतो. अण्णा त्यातलं पाणी सारखं बदलतात. परवा प्रवचन ऐकून कंटाळलेल्या एका गिऱ्हाइकानं नेमकं तिकडं बोट दाखवलं. "अण्णा, तुमच्या दुकानात प्लास्टिक?"

अण्णांनी डबा ताज्या पाण्यानं भरला.

"पिते की," ते म्हणाले. "साकु."

हाक मारली समजून मांजरीनं मान वर केली, अण्णांकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.