तो पुन्हा उठायचा

माझा नवरा समोरच्याच्या थेट कमरेवर जायचा. खांदा खाली, मान एका बाजूला, दोन्ही हात मांड्यांभोवती, आणि मग समोरचा कितीही दांडगा असो, आडवाच. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहराच्या बाहेर, जंगलाला लागून असलेल्या त्या मैदानावर रविवारी साठ-सत्तर माणसं जमली तर खूप. पण त्याने कुणाला पाडलं की ती सगळी ओरडायची. मी चहाचा थर्मास धरून कडेला उभी असायचे. तो मातीतून उठून उभा राहीपर्यंत मी थर्मासचं झाकण उघडत नसे.

तेरा जणांची रग्बी. जर्मनीत ती फार थोडे लोक खेळतात. तिचे नियम त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बटाटे मांडून समजावले होते. "चेंडू त्यांच्याकडे असला की आपण त्यांना पाडायचं. सहाव्यांदा पाडलं की चेंडू आपला. म्हणजे सहा चढाया, सहा पकडी. कबड्डीच की गं!"

कबड्डी हेच त्याचं सगळं होतं. सांगलीकडच्या एका गावात, बुद्धविहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत तो खेळायला शिकला. डावा कोपरा सांभाळायचा. त्याने घोटा धरला की सुटका नाही, असं आजही तिकडे सांगतात. राज्याच्या संघाच्या शिबिरापर्यंत पोचला, निवड झाल्यातच जमा होती, आणि शिबिराच्या चौथ्या दिवशी खांदा निखळला. संघ गेला, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरीही गेली. आमचं लग्न त्यानंतरचं. पुढे मला इथल्या एका संशोधन संस्थेत सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि तो माझ्याबरोबर आला. बायकोच्या मागून आलेला, असं नातेवाईक हसत हसत म्हणायचे. तोही हसायचा. इथे येऊन तो पार्सलच्या गोदामात खोकी उचलू लागला.

एका उन्हाळ्यात आम्ही फिरायला गेलो असताना त्याला ती माणसं सराव करताना दिसली. तो कुंपणाशी थांबला तो हलेचना. त्यांचा प्रशिक्षक उत्तर इंग्लंडमधून आलेला, पन्नाशीचा, घरोघरी हीटिंगची दुरुस्ती करणारा माणूस होता. त्याने हात हलवून आत बोलावलं. नवऱ्याने जाकीट माझ्या हातात दिलं, आत गेला आणि त्यांच्यातल्या सगळ्यात धिप्पाड गड्याला पहिल्याच फटक्यात खाली आणलं.

"कुठे शिकलास हे?" प्रशिक्षकाने विचारलं.

"गावात," तो म्हणाला. त्या दिवशी घरी येताना तो बडबडत होता. जर्मनीत आल्यापासून तो इतकं बोललेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन, कुबड्या, मग महिनोन्‌महिने रेहा म्हणजे व्यायामाचं उपचार केंद्र. तिथल्या गुडघे बदललेल्या आज्यांनी त्याला जर्मन शिकवलं. दर वाक्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायची सवयही त्यांचीच. डॉक्टर म्हणाले होते की पहिल्यासारखं खेळता येईल याची खात्री नाही. तो पहिल्यापेक्षा चांगला खेळला. इथे राहून पुरेशी वर्षं झाली होती, त्यामुळे जर्मनीच्या संघासाठी त्याचा विचार होऊ शकत होता. आणि एके दिवशी शिबिराचं बोलावणं आलंच.

तेव्हा इथल्या एका स्थानिक पेपरचा बातमीदार घरी आला. आधी खांदा, मग परका देश, मग गुडघा, तरी हा माणूस परत उठतो, अशी अर्धं पान गोष्ट छापून आली. तो जिथे अडला तिथे मीच बातमीदाराला सांगितलं होतं. ती गोष्ट मला तेव्हा आवडलीही होती. सासऱ्यांनी त्याचं कात्रण मागवून लॅमिनेट केलं आणि विहाराच्या फलकावर लावलं. गावाकडच्या शाळेने व्हिडिओवरून त्याचं भाषण ठेवलं, विषय होता जिद्द.

शिबिराला दीड महिना उरला होता. मार्चमधला सामना, मैदान चिखलाचं. त्याने एकाला पाडलं आणि पडता पडता त्या माणसाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो काही क्षण पालथा पडून राहिला. मग उठला, हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मान अवघडली आहे असं प्रशिक्षकाला सांगून तो बाहेर आला.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "जिंकलो ना आपण?"

"हो," मी म्हटलं.

सिग्नलला गाडी थांबली. "जिंकलो ना आपण?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी शांत बसला होता. घराखाली गाडी लावताना त्याने तेच तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी गाडी पुन्हा बाहेर काढून हॉस्पिटलकडे वळवली.

तीन आठवडे पूर्ण विश्रांती, आणि मेंदूच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मैदानावर पाऊल नाही, असं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. घरात खिडक्यांचे रोलाडेन, ते बाहेरचे गुंडाळते पडदे, दिवसाही खाली असायचे. तेलात मोहरी तडतडली की तो कान दाबून धरायचा, म्हणून मी फोडणी देणं बंद केलं. आम्ही उकडलेलं खाऊ लागलो. एकदा दूध आणायला गेला आणि दुकानासमोर नुसता उभा राहिला. शेजारीणबाई त्याला घरी घेऊन आल्या. त्या गेल्यावर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "ही तिसरी वेळ आहे."

"कसली?"

"डोक्याला लागायची. आधी दोनदा लागलं होतं. कुणाला बोललो नाही."

पेपरातल्या त्या अर्ध्या पानात हे नव्हतं. मी प्रत्येक सामन्याला कडेला उभी होते आणि मलाही दिसलं नव्हतं.

सासऱ्यांचा फोन आला. "जय भीम, सूनबाई. पोराला धीर दे. खांदा गेला तवा उठला, गुडघा गेला तवा उठला. डोक्याला जरा लागलं तर काय एवढं?"

"आबा, डॉक्टर नको म्हणतात."

"डॉक्टर तवाबी नकोच म्हणत हुते की."

हे खरंच होतं. जो तो हेच म्हणत होता. गोदामातले सोबती, संघातली पोरं, पुण्यातली माझी आईसुद्धा. तू उठशील, तू नेहमी उठतोस. मी ही वाक्यं ऐकायचे आणि त्याचा चेहरा बघायचे. तो सगळ्यांना हो म्हणायचा.

मेंदूच्या डॉक्टर एक सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "गुडघ्याला व्यायाम देता येतो. इथे तसं काही नाही. आणखी एक मार बसला तर काय होईल, हे मी सांगू शकत नाही. खेळ थांबवा." त्याला जर्मन चांगलं कळत होतं. तरी त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाल्या?" मी मराठीत सांगितलं. शब्द न शब्द सांगितला.

बाहेर ट्रामही नाही, बसही नाही, नुसता रस्ता. आम्ही चालत राहिलो. तो म्हणाला, "तू नीट भाषांतर केलं नाहीस."

शिबिराच्या आठवड्यात त्याने बॅग भरायला घेतली. बूट, दातांची पट्टी, गुडघ्याचा पट्टा. मी दाराशी उभी राहिले. "प्रशिक्षकांना काय सांगितलंस?"

"डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून."

"अरे, पण..."

"तू काही बोलायचं नाहीस. एवढंच कर माझ्यासाठी. पस्तिशीला आलोय मी, पुढच्या वर्षी कोण बोलावणार?"

मी दोन दिवस गप्प राहिले. त्याला रोखायची ताकद माझ्यात नव्हती, आणि जाऊ देण्याचीही नव्हती. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या जिन्यात उभं राहून मी प्रशिक्षकाला फोन केला. डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "त्याने मला वेगळं सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो, मला माहीत आहे." फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसले. माझ्यासमोरून लोक चढत-उतरत होते.

संध्याकाळी घरी आले तर तो बॅग रिकामी करत होता. एकेक वस्तू घडी घालून कपाटात ठेवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खांदा, गुडघा, ते माझ्याच अंगाने केलं. हे तू केलंस."

त्यानंतर कितीतरी आठवडे तो माझ्याशी जर्मनमध्ये बोलला. या, नाइन, डांके; हो, नाही, धन्यवाद, एवढंच. मी मराठीत विचारायचे, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी स्वयंपाक करायचे, ऑफिसला जायचे, आल्यावर रोलाडेन थोडे वर करून बघायचे, त्याने डोळे मिटले की परत खाली करायचे. याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

खेळ थांबला म्हणून डोकं दुखायचं थांबलं नाही. ते वर्षभर दुखत राहिलं, नंतरही. गोदामातला खोकी वाहणाऱ्या पट्ट्यांचा घरघराट सोसेना, ती नोकरी सुटली. संघातली मंडळी एकदा केक घेऊन आली. दहा मिनिटांनी त्यालाच त्यांना जा म्हणून सांगावं लागलं. गावाकडून लोक तेच जुनं कात्रण पाठवायचे, खाली लिहायचे, 'कमबॅक कधी?' तो अंगठा पाठवायचा.

तो परत मराठीत बोलायला कधी लागला, तो दिवस मला सांगता येणार नाही. बहुधा मीठ मागितलं असेल. एकदा मात्र भाजी चिरता चिरता म्हणाला, "तू फोन केला नसतास तर मी गेलोच असतो." मी थांबले. पुढे काही येईल असं वाटलं. तो भाजी चिरत राहिला. ते आभार होते की दोष, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायचा धीर अजूनही होत नाही.

आता तो शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत अर्धवेळ काम करतो. तिथे शांत असतं. कुंड्या भरतो, रोपांना पाणी देतो, गिऱ्हाइकांना सावकाश माहिती सांगतो. चांगले दिवस आता वाईट दिवसांहून जास्त असतात. पण गेल्या वसंतात रोपांच्या विक्रीचा मोठा दिवस होता, गर्दी झाली, मुलं, कुत्री, लाउडस्पीकर. मी मदतीला गेले होते. अकराच्या सुमारास तो दिसेना. मागच्या शेडमध्ये खताच्या पोत्यांवर बसला होता, हाताने डोळे झाकून.

"गोळी देऊ? पाणी?"

"नको."

"घरी जाऊ या?"

"नको. बस नुसती."

मी शेजारच्या पोत्यावर बसले. बाहेर कुणीतरी त्याला हाका मारत होतं. मी उठून शेडचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.