ज्वालामुखीवर घेतलेलं नाव

"अहो! अहो!" मी धुरात ओरडत होते आणि दुसऱ्या बायकांचे नवरे "काय गं?" म्हणून ओ देत होते. उन्हाळ्यात पुण्याहून बाली बेटावर सहलीला गेलेले आम्ही सगळे ज्वालामुखीच्या काठावर उभे होतो. वारा फिरला आणि गंधकाचा धूर अंगावर आला. आमचे हे नेहमीप्रमाणे मागे न बघता पुढे निघून गेलेले. दमा त्यांना आणि दम्याचा पंप माझ्या पर्समध्ये. शेवटी लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांचं नाव घेऊन बोंबलले. तेव्हा कुठे डावीकडून खोकला ऐकू आला. खडकाला टेकून बसले होते, ओठ निळे पडलेले. मी पंप तोंडात कोंबला. बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य काय, तर "चारचौघांत नाव घेतलंस? लाज नाही वाटली?" "पंप परत द्या मग," मी म्हटलं. बसमध्ये जाऊबाई म्हणाल्या, "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं हो." आजही काडेपेटीची काडी ओढली की तो गंधकाचा वास येतो आणि माझं डोकं तापतं. शनिवार पेठेतल्या घरी आल्यावर हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.