कीर्द तुझ्या बघण्याची नाही

"पर्स उलटी कर," साहेब म्हणाले.

केली. काउंटरवर डबा पडला, आईच्या गोळ्या, कंगवा, पॅडचं पाकीट. चार हमाल बघत होते. कुणी मान फिरवली नाही.

देवासच्या त्या पाइपांच्या एजन्सीत मी तीन वर्षं खतावणी लिहीत होते. त्या दिवशी हाटपिपल्याचे एक दुकानदार आले. म्हणाले, "बारा हज़ार नगद दे गया था भिया, मेरे खाते में चढ़े ही नहीं." खाती मी लिहायचे. म्हणजे पैसे मी खाल्ले.

आमचे पणजोबा दरबारात मशाल धरायचे, साहेबांचे पणजोबा तिथेच कारभारी. पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, "तुमच्या लोकांनी खतावणीपुरतं राहायचं. कीर्दीला हात लावायचा नाही."

कीर्दीत व्यवहार घडला तसा, तारखेवार उतरतो. मग तोच खतावणीत ज्याच्या त्याच्या नावाच्या पानावर जातो. कीर्द आधी, खतावणी तिच्यावरून. बी.कॉम.ला हेच शिकले होते. इथे कीर्द साहेबांचा पुतण्या लिहायचा आणि कपाटात ठेवायचा. मला फक्त त्याने लिहून दिलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर असेल तेवढंच मी लिहायचं. मला तेव्हाच शंका आली होती. उद्या काही चुकलं तर कुणाच्या गळ्यात घालायचं, ते ह्यांचं ठरलेलं आहे.

"कीर्द काढा," मी म्हणाले.

"कीर्द तुझ्या बघण्याची नाही."

"मग पोलिसांना बोलवा. त्यांना दाखवा."

दुकानदार मध्ये पडले. "दिखा दो न साहब."

कपाट उघडलं. मंगळवारची नोंद, पुतण्याचं अक्षर. रोख बारा हजार, दुकानदारांचं नाव. पैसे त्याच दिवशी तिजोरीत गेलेले. मला चिठ्ठीच दिली नव्हती. विसरलो, पुतण्या म्हणाला. विसरला असेल. मला अजून पटत नाही.

साहेबांनी वही मिटली. "आवर ते सामान."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चहा-कचोरी आली. "तू तर घरचीच," साहेब म्हणाले. पुतण्याची बॅग कुणी उलटी केली नव्हती. मी कचोरीला हात लावला नाही.

"त्या चार हमालांना बोलवा," मी म्हणाले. "त्यांच्यासमोर सांगा, चूक तुमची होती. आणि आजपासून कीर्द माझ्या टेबलावर. नाहीतर खतावणी तुमची तुम्ही लिहा."

"फार शिकलीस."

"हो."

त्यांनी हमालांना बोलावलं नाही. मी नोकरी सोडली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता दुसरीकडे आहे, पगार कमी. पहिल्याच दिवशी मालकाला विचारलं, कीर्द कुठे असते? तो हसला. "भरोसा नहीं है क्या?"

नाही, म्हणाले. दुसऱ्याच्या भरोशावर मी आता एक ओळ लिहिणार नाही. आणि माझी झडती घ्यायची असेल, तर आधी घेणाऱ्याची होईल. सगळ्यांसमोर.