काळजावरचं पातं

त्या गुरुवारची आठवण झाली की अजूनही माझा हात आपसूक डायरी शोधायला खिशाकडे जातो.

पोलिसात तेहतीस वर्षं काढली. खून, दरोडे, जाळपोळ सगळं पाहिलं. पण मनाला लागून राहिलेली केस वर्दी उतरवल्यानंतरची आहे, आणि तीही कुवेतमधली. निवृत्तीनंतर ओळखीतून राई भागातल्या एका फर्निचर कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. खाली गोदाम, वर शोरूम. गेटपास तपासायचे, चाव्यांची वही ठेवायची, एवढंच काम. पण सवय थोडीच जाते! रोज सकाळी डायरी उघडून वेळ टाकून नोंदी करायचो. शोरूमची पोरं हसायची. हसू देत.

कंपनीचा डिझाइन विभाग एक चिनी बाई सांभाळायच्या. त्यांनी मीटिंग रूममध्ये सहा लेखपट टांगले होते. वर-खाली लाकडी काठी, मध्ये कापडावर डकवलेला कागद आणि त्यावर जाड कुंचल्याने काढलेलं एकेक काळं अक्षर. रंगकामासाठी एका गुरुवारी ते उतरवून गोदामात ठेवले. शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी परत टांगायला घेतले तर पाचच निघाले.

"पाच मी बाजारातून आणलेत," बाई मला म्हणाल्या. "सहावा माझ्या वडिलांच्या हातचा. ते आता नाहीत."

वर्णनाच्या रकान्यात काय लिहू, म्हणून मी अक्षराचा अर्थ विचारला. त्यांनी माझ्याच पेनने ते काढून दाखवलं. वर सुरीचं पातं, खाली काळीज. अर्थ, सहन करणं, धीर धरणं. "वडील म्हणायचे, पातं काळजाला टेकलेलं असतानाही जो हात उगारत नाही, त्यालाच हे अक्षर काढता येतं." मी मान डोलावली आणि 'एक अक्षर, काळी शाई' असं लिहून मोकळा झालो.

मॅनेजरने मला पुढच्या गुरुवारी दुपारी एकपर्यंत मुदत दिली. नंतर मखफर, म्हणजे तिथलं पोलीस ठाणं. परदेशी कामगारावर चोरीची तक्रार झाली की पुढे काय होतं, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. नोकरी जाते, माणसाला परत पाठवतात आणि पुन्हा त्या देशात पाऊल ठेवता येत नाही.

चाव्यांच्या वहीत आधीच्या गुरुवारी गोदामाच्या किल्लीपुढे एकच सही होती, आमच्या सुतारमिस्त्रींची. पट उतरवलेही त्यांनीच होते. मालवणकडचा, पन्नाशीचा माणूस. सतरा वर्षं याच कंपनीत, कधी खिळाही इकडचा तिकडे केलेला नाही. पण रेकॉर्ड साफ असलेले चोर मी ढीगभर पाहिले होते.

बुधवारी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर हळूच माझ्या टेबलाशी आला.

"साब, मेरा नाम मत लेना. शुक्रवार सुबह मिस्त्री फिन्तास उतरा था, समंदर के पास. लुंगी में लंबा कुछ लपेटा था. वापस आया तो हाथ खाली."

माझ्यातला फौजदार जागा झाला. गुरुवारी सकाळी दोन साक्षीदार घेऊन मिस्त्रींच्या खोलीवर गेलो. "पेटी उघड," म्हणालो. त्यांनी निमूटपणे उघडली. तळाशी टॉवेलात गुंडाळलेल्या दोन लाकडी काठ्या. लेखपटाच्याच.

मुद्देमाल सापडला! मी तिथूनच मॅनेजरला फोन केला. परत येऊन लाल पेनने डायरीत लिहिलं, 'चोर सापडला.' जबाब अजून घ्यायचाच होता.

गोदामामागच्या खोलीत मिस्त्रींना समोर बसवलं. काठ्या टेबलावर ठेवल्या. साडेबारा झाले होते. वर तक्रार अरबीत टाइप होत होती.

"कितीला विकलास?"

त्यांनी मान खाली घातली.

"बोल. समुद्रावर कोणाला भेटलास?"

मी टेबलावर हात आपटला. एरवी चोर दाराकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, पाणी मागतो. हा माणूस एकटक त्या काठ्यांकडे बघत होता. म्हणून मीही बघितलं. काठ्यांवर कागद ओरबाडल्याची एकही खूण नव्हती. ओल्या फडक्याने डिंक भिजवून कागद अलगद सोडवलेला होता. विकणारा एवढा खटाटोप कशाला करेल? काठ्यांशिवाय त्या मालाला विचारतो कोण? हे मला खोलीवरच दिसायला हवं होतं.

मी आवाज खाली आणला. "मिस्त्री, कागद कुठे आहे?"

"समुद्रात सोडलंय, सायबानू." आणि तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "माझ्या हातसून फाटलो. उलटो गुंडाळलंय, चटई कशी, अक्षर भायर ठेवन. दोरी आवळलंय आणि मधोमध फाटलो."

"मग सांगायचं ना!"

"उतरवताना मॅडमनी छातीर हात ठेवन सांगितल्यानी, बापाशीच्या हातचा आसा म्हणान. माका धीरच झालो नाय."

"पण समुद्रात कशाला? कचऱ्याचा डबा नव्हता?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा दिला. "मेलेल्या बापाशीचा अक्षर, सायबानू! कचऱ्यात कसा टाकतलंय? आमच्याकडे फाटकी पोथीसुद्धा व्हाळाच्या व्हावत्या पाण्यात सोडतत. हात जोडलंय आणि सोडलंय. काठये तरंगतत, किनाऱ्यार येवन कोणाच्या पायाखाली येतले, म्हणान काढून ठेवलंय. मॅडमक परत देवचे होते."

एवढ्यात दार उघडलं. मॅनेजरच्या हातात तक्रारीचा कागद, मागे चिनी बाई.

"चला," मॅनेजर म्हणाला.

"दहा मिनिटं द्या," मी म्हणालो. तेहतीस वर्षांत आरोपीसाठी मी कधी वेळ मागितला नव्हता. मिस्त्रींचं बोलणं जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मॅनेजर हसला. "पकडल्यावर सगळे असंच बोलतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काठ्या उचलल्या, बोटांनी चाचपल्या.

"पाण्यात सोडला? कचऱ्यात नाही?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही काठ्या सावकाश शेजारी-शेजारी टेबलावर ठेवल्या. मिस्त्रींचे हात जोडलेलेच होते. तेवढ्या वेळात त्यांची सतरा वर्षं त्या खोलीत अधांतरी लटकली होती.

"आमच्या गावी जुनी माणसं अक्षर लिहिलेला कागद फेकत नसत," बाई शेवटी म्हणाल्या. "त्यावर पाय पडू देत नसत. तो वेगळा जमवून जाळायचा आणि राख नदीत सोडायची. वडील आयुष्यभर तेच करत आले." मग त्या मिस्त्रींकडे वळल्या आणि एकदम आवाज चढवला. "पण मला सांगायला हवं होतंस! तो मला शेवटचा एकदा बघायचा होता." आणि त्याही रडल्या.

मी शब्दन् शब्द मिस्त्रींना सांगितला. त्यांनी वाकून नमस्कार केला.

बाईंनी मॅनेजरच्या हातातून तक्रार घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. "चोरी झालेली नाही," एवढंच म्हणाल्या. महिन्याभराने त्यांनी तेच अक्षर स्वतः काढलं. काठ्या मिस्त्रींनी बसवल्या. वडिलांसारखं जमलं नाही, असं त्या म्हणायच्या. मला तर फरक कळत नव्हता.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं? मला लाज वाटायला शिकवलं. इथे काठ्यांवर डिंक भिजवल्याची खूण होती म्हणून एक माणूस वाचला. नोकरीत माझ्यासमोर मान खाली घालून बसलेल्या किती जणांकडे अशी खूण नसेल? हात आपटण्याआधी मी किती जणांना शांतपणे एक प्रश्न विचारला? हिशेब लागत नाही, आणि झोपही लागत नाही.

पोलीस ठाण्याच्या डायरीचं पान फाडायचं नसतं. चूक झाली तर खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. त्या संध्याकाळी मी तेच केलं. आता मी घरी परत आलो आहे, डायरी कपाटात आहे. अधूनमधून ते पान उघडतो. रेघेखालचा 'चोर' हा शब्द अजून स्पष्ट वाचता येतो, आणि शेजारी सही माझी आहे.