हंसाचे कुंजू

आमचा रविवारचा मराठी वर्ग तंजावुरात एका निवृत्त कारकुनाच्या ओसरीवर भरतो. शिकवतातही तेच. मराठी शब्द ते वहीत तमिळ लिपीत उतरवतात आणि कुणी चुकलं की पेन्सिलीने जमिनीवर टकटक करतात. स्वतः मात्र दर दोन वाक्यांमागे 'आमा, आमा' असा तमिळ होकार भरतात. तो त्यांना ऐकू येत नाही.

सहा महिने नुसती मान हलवणारी एक सात वर्षांची मुलगी त्या रविवारी चित्र पाहून पहिल्यांदाच मराठीत बोलली, "हंसाला तीन कुंजू आहेत."

टकटक! "कुंजू तमिळ गे! आपल्यात पिल्लू म्हणतात. घरी हेच शिकवलं काय?"

मुलं हसली. ती रडवेली होऊन म्हणाली, "सिग्नेट, सर. हंसाच्या पिल्लाला शाळेच्या इंग्रजी पुस्तकात तसं म्हणतात."

"आमा, शाबास!" त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे वळले. "पाहिलंत? केवढी हुशार!"

म्हणजे शेजारची तमिळ विटाळ आणि इंग्रजी आली की टाळ्या! 'आपली भाषा बोला' छापलेली आमच्या वर्गाची पत्रकं माझ्या हातात होती. पण दुसरी ओसरी आम्हाला कोण देणार, म्हणून मी मान डोलावली आणि पत्रकं वाटायला घेतली.

आता ती मुलगी त्यांच्याशी फक्त इंग्रजीत बोलते. माझ्याशीही.