घाना चार, टोगो अकरा

घाना आणि टोगो या शेजारी देशांबद्दल नागपूरच्या सक्करदऱ्यात सगळ्यांत जास्त माहिती कवडू भोयर यांना आहे. यात फारशी चुरस नाही, कारण बाकीच्या सक्करदऱ्याला हे देश ठाऊकच नाहीत. कवडूभाऊ हापशीचे मिस्त्री. आधी जिल्हा परिषदेत होते, मग हातपंप परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत. कंपनीने पंपांच्या मागोमाग मिस्त्रीही रवाना केला: दीड वर्ष घानात, दीड वर्ष टोगोत. परतताना त्यांच्यापाशी फ्रेंचचे चौदा शब्द होते. त्यांतले बारा गळतीविषयी.

वीस वर्षे या ज्ञानाला गिऱ्हाईक मिळाले नाही. यंदा ते घरातच निघाले. मुलगी सोनिका धंतोलीतल्या एका दवाखान्यात डायलिसिसचे मशीन चालवते. एका संस्थेने तिला दोन वर्षांसाठी पश्चिम आफ्रिकेत बोलावले आणि जागा निवडायला सांगितली: घानातले अक्रा किंवा टोगोतले लोमे. पगार तोच, काम तेच. सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते.

रविवारी सकाळी शेजारचे गिरिधरपंत छापील कागद घेऊन आले. पंत सचिवालयातून निवृत्त झालेले. तक्ता दिसला की त्यांना बरे वाटते.

"हे बघा कवडूभाऊ. आयुर्मान, घाना पुढे. शाळेची वर्षं, घाना. वीज, घाना. टोगो कुठंच नाही हो. संपला विषय."

"कोनं काढलं हे?"

"संयुक्त राष्ट्रांनी."

"ते गेलते का तिथं?"

"त्यांची माणसं जातात."

"मी गेलतो," कवडूभाऊ म्हणाले आणि आतून तिथली जुनी वही घेऊन आले.

कवडूभाऊंचा निर्देशांक एकच. धडधाकट हापशी दुसऱ्या-तिसऱ्या हापशाला पाणी देते. आतला वायसर, म्हणजे वॉशर, झिजला की पाणी खाली उतरून बसते आणि माणूस नुसता कोरडा दांडा मारत राहतो. हे कोरडे हापसे मोजले की गावाची तब्येत कळते, असे त्यांचे मत. सीमेच्या अलीकडे सहा गावे, पलीकडे सहा. दोन्हीकडे एकच भाषा, सोयरीकही एकमेकांत. फरक काय तो हापशीत. सरासरी घाना चार, टोगो अकरा.

"चार हापसे म्हणजे बाई बोलता बोलता पानी भरते," ते म्हणाले. "अकरा म्हणजे बाई बोलतच नाही."

म्हणजे दोन्ही विद्वानांचे एकमत झाले. गिरिधरपंत जरा हिरमुसले. ते भांडायच्या तयारीने आले होते.

"मंग घानाच नं?" कवडूभाऊंच्या पत्नी इंदुताई चहा ठेवत म्हणाल्या. "लिहून टाक वं पोरी."

सोनिकाने वही चाळली. "बाबा, तुमी बोलावल्यावरच जात होते नं?"

"मंग! बिनबोलावता कोन जाते?"

"चांगल्या हापशीले कोनी मिस्त्री बोलवते का?"

कवडूभाऊंनी चहाचा कप उचलला.

"म्हणजे तीन वर्षं तुमी दोन्ही देशांतल्या बिघडलेल्याच हापश्या पायल्या. मी डायलिसिसवाले मोजून नागपूर कसं आहे ते सांगू का?"

गिरिधरपंत खूश झाले. कवडूभाऊंनी कप खाली ठेवला. जन्मभर गळती शोधून दाखवली होती. आता स्वतःची निघाल्यावर नाही कसे म्हणणार?

"बराबर आहे," ते म्हणाले. "मंग बिघडलेल्याचंच सांगतो. घानात हापशी बंद पडली का फोन जाये. तिसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन हजर. लोक झाडाखाली वाट पाहून राहिले. टोगोत मले निरोपच तीन आठवड्यांनी भेटला. जाऊन पायतो तं हापशी उघडून ठेवलेली! आफी नावाची बाई. शिकवलं कोनीच नाही. आठ बायांनी दोर लावून पाइप वर काढला. नट, रॉड, साखळी, सगळं चटईवर काढलं तसं ओळीनं मांडून. एक वायसर तेवढा तिच्यापाशी नव्हता."

"मग तुम्ही काय केलं?" पंतांनी विचारले.

"वायसर देला अन् बसलो. जोडली तिनंच. तिसऱ्या हापशाले पानी."

सोनिकाने वहीतले पान शोधले. "इथं तं अकरा लिहिलं आहे."

"दुरुस्तीच्या आधीचे लिहायची रीत होती, ते आफीनं सांगितले. नंतरचे कोन विचारते?"

सोनिकाने वही मिटली. मग तिने संस्थेच्या पत्रातली एक ओळ वाचून दाखवली. अक्र्यात मशीन बंद पडले की इंजिनिअर त्याच दिवशी येतो. लोमेला तो अक्र्याहून येतो, आला तर. तोवर पेशंट खोळंबतात.

"मले मशीन उघडता येते," ती म्हणाली. "मी लोमेले जाते."

"काहून पन?" इंदुताई उठून उभ्या राहिल्या. "चांगलं सोडून उन्नीस काहून घ्यायचं?"

"कारन तिथं मी लागते, आई. अन् लोमे सीमेलेच लागून आहे. तुले घानाच पायजे असन तं पायी जाऊन फोटो पाठवते."

"पण सगळं घानाच्या बाजूनं आहे," गिरिधरपंत कागदावर बोट ठेवून म्हणाले.

"हो नं," कवडूभाऊ म्हणाले. "म्हनूनच तं तिथं आपल्या पोरीवाचून अडून नाही राहिलं."

मुदतीला एक दिवस होता, तरी सोनिकाने उत्तर तेव्हाच पाठवले. इंदुताई दोन मिनिटे रागावल्या आणि मग तिकडे पोहे मिळतात का याची चौकशी सुरू केली. गिरिधरपंतांनी कागदाची घडी केली. तुमचे आकडे चुकले नव्हते, असे कवडूभाऊंनी त्यांना फाटकापर्यंत पोचवताना दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगायला ते थांबले नाहीत. समोरून गल्लीतल्या वच्छलाबाई भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. मुलगी टोगोला निघाली, हे त्यांना सांगायचे होते, आणि टोगो कुठे आहे हे नीट सांगायला पाऊण तास तरी लागतो.